अक्काचं भिकार कार्ड

दाजींनी पत्रक उलटं केलं, सुलटं केलं, ट्यूबलाइटखाली धरलं, मग चष्मा कपाळावर सरकवून कागद पार नाकाला लावला.

"कुठंयत?" ते म्हणाले.

"काय?" अक्का भाकरी थापता थापता म्हणाली.

"पॉइंट! पॉइंट कुठं लिहिलेत?"

"नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"नाहीत म्हणजे नाहीत. बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, वर्षाची फी नाही, व्याज कमी. बाकी या कार्डावर काही मिळत नाही."

दाजींनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच ते कार्ड घरात आणून टाकलंय. मी आपला ताटातल्या वांग्याकडं बघत बसलो. हसू आलं की मला दाबता येत नाही, आणि दाजींच्या तोंडाकडं बघून हसू न येणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

तुम्हाला दाजी माहीत नाहीत म्हणून सांगतो. विश्वंभर कोकीळ, पाटबंधारे खात्यातून रिटायर, माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. माणूस सोन्यासारखा, पण डोक्यात एकच किडा. पॉइंट! खिशात चार क्रेडिट कार्डं. कुठल्या कार्डावर कुठल्या वारी किती पॉइंट, सगळं तोंडपाठ. कराडात गल्लीच्या तोंडाला पंप असताना हे पेट्रोल भरायला पार उंब्रजला जायचे, का तर तिथं दुप्पट पॉइंट. घरातला मिक्सर पॉइंटवर आलेला, भिंतीवरचं घड्याळ पॉइंटवर, चाकांची बॅग पॉइंटवर. एकदा विमानतळावर कार्ड दाखवलं की खाणं फुकट मिळतं असं कळलं, तर ह्यांनी पुण्याहून नागपूरचं सगळ्यात स्वस्तातलं विमानाचं तिकीट काढलं, पुण्याच्या विमानतळावर चार इडल्या चापल्या, नागपूरला उतरले आणि एसटीनं परत आले! वर मला सांगतात, "दिगू, सांबार कडक होतं बरं का."

आणि मी? मी दिगंबर रासने. पेठेत भांड्यांचं दुकान. धंदा भांडी विकायचा आणि त्यांच्यावर नावं घालायचा. फावल्या वेळात लोकांच्या टोप्या उडवायच्या. आदल्याच वर्षी मी दाजींना छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, की पाणीपट्टी कार्डानं भरली की नगरपालिका पॉइंट देते. ते खिडकीवर जाऊन तासभर भांडून आले. पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माझे ते पंधरा दिवस काय मजेत गेले!

तर ते कार्ड. अक्काच्या नावावर आमच्या आबांनी ठेवलेली एक ठेव होती, पेठेतल्या सहकारी बँकेत. त्या ठेवीवर बँकेनं तिला हे कार्ड दिलेलं. साधं, राखाडी रंगाचं. वर नाव, मालन विश्वंभर कोकीळ. बास.

"परत करून टाक," दाजी म्हणाले. "अगं, पॉइंट नसलेलं कार्ड म्हणजे जेवणावळीला जायचं आणि नुसतं हात धुऊन यायचं! तुझ्याकडं माझ्या कार्डाचं जोडीचं कार्ड आहे की. त्यावर घेत जा ना काय घ्यायचं ते."

"असू दे की हेही," अक्का हळूच म्हणाली.

"कशाला? फायदा सांग. एक फायदा सांग!"

अक्कानं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, आणि माझ्याकडं एकदा बघितलं. "दिग्या, तू सांग. ठेवू का परत करू?"

त्या नजरेत काहीतरी होतं. लहानपणी आबांच्या मारापासून मला वाचवताना असायचं तसं, पण आज ती मला वाचव म्हणत होती. मला वाटलं, बिचारीला हौस आहे. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं काहीतरी आलंय, ठेवू द्यावं.

"दाजी, पैज लावा," मी म्हणालो. "एक महिना ठेवायचं. महिन्यात कार्डानं काही दिलं, तर कार्ड अक्काकडं राहील. नाही दिलं, तर मी स्वतः जाऊन बँकेत परत करतो."

"टाचणी! एक टाचणी जरी दिली ना—"

"ठरलं?"

"ठरलं!"

अक्कानं मान खाली घातली. मला वाटलं, खूश झाली. माझ्या तर अंगात तिथंच गुदगुल्या सुरू झाल्या होत्या. भाकरी खाता खाताच माझं सगळं ठरलं होतं.

दोन दिवसांनी अक्का माझ्याच दुकानात आली, एक कढई घेतली, कार्डानं पैसे दिले. ती गेल्या गेल्या मी एक पितळी वाटी काढली. चांगली जाड, हातात घेतली की वजन कळणारी. नाव घालायचं मशीन सुरू केलं आणि कर्रर्र करत घातलं: 'मान्यवर कार्डधारक सौ. मालन वि. कोकीळ यांस सप्रेम भेट'. खोक्यात घालून कुरिअरवाल्या मित्राच्या पोत्यात टाकलं.

संध्याकाळी दाजींचा फोन. आवाज असा, जणू घरात नाग निघालाय.

"दिगू, ये लवकर!"

गेलो. दाजी ओट्याशी उभे, वाटी वजनकाट्यावर.

"पितळी आहे रे! खरं पितळ! आणि नाव घालून! माझ्या चार कार्डांनी मला आजवर नाव घालून काही दिलं नाही!"

"बघा," मी म्हणालो, "तुम्ही टाचणी म्हणत होता."

"पण पत्रकात कुठं लिहिलं नाही!"

"दाजी," मी आवाज खाली आणला, "सगळंच पत्रकात लिहितात का?"

बस्स. मी एवढंच बोललो. बाकीचं दाजींच्या डोक्यानं केलं. दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आत ते पायरीवर हजर. काउंटरला खबाले मॅडम, नुकतीच लागलेली चुणचुणीत पोरगी. काय झालं ते दाजींनीच येऊन मला दुकानात सांगितलं.

"मी विचारलं, मॅडम, वाटी योजना कधीपर्यंत आहे? ती म्हणाली, काका, कसली वाटी? या कार्डावर काही मिळत नाही. मी म्हटलं, काहीच नाही? ती म्हणाली, काहीच नाही. आणि दिगू, हसली!"

"हसली?"

"हसली! म्हणजे आहे! फक्त निवडक लोकांना आहे. म्हणून तर बोलत नाहीत!"

मी गल्ल्याखाली वाकून कापूर शोधायचं नाटक केलं. डोळ्यांतून पाणी आलं होतं हसून.

मग अक्कानं औषधं घेतली, दुसरी वाटी गेली. अक्कानं शिलाईवाल्याचे पैसे दिले, तांब्या गेला. दाजींनी प्रीतिसंगमाच्या बागेत संध्याकाळी फिरणाऱ्या पेन्शनर मंडळींना सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी तिघं जण ठेवी घेऊन बँकेत! खबाले मॅडम माझ्या दुकानासमोरून जाताना थांबून विचारते, "रासनेकाका, गावात काय चाललंय हो? आमच्या कार्डाला एवढा भाव कधीच नव्हता." मी म्हटलं, "सेवा चांगली आहे तुमची." ती खूश होऊन गेली. मी तर हवेतच होतो. तीन भांड्यांत सगळं गाव नाचवलं होतं, अजून महिना सरायचा होता!

आणि मग एका दुपारी अक्का आली.

गिऱ्हाईक होतं. ती बाकड्यावर बसली. गिऱ्हाईक गेलं तशी म्हणाली, "भांडी तू पाठवलीस ना?"

"कसली भांडी?"

"दिग्या. माझ्या लग्नातल्या परातीवर तुझं अक्षर आहे. 'सौ.'च्या पुढं फूल काढतोस ते अजून वाकडंच येतं."

पकडलो गेलो! मी हसत हात जोडले. "मग? कशी वाटली आयडिया? पैज जिंकलीस की तू!"

ती हसली नाही.

"कार्ड त्यांच्या पाकिटात आहे," ती म्हणाली. "काल काढून घेतलं. म्हणाले, तू काय औषधं घेतेस आणि शिलाई देतेस, अशानं कधी घागर मिळायची? मी वापरतो. पिन केतकीची जन्मतारीख आहे, लेकीची तारीख बापाला पाठच."

"मग घरातच आहे की कार्ड."

अक्का माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं मनगट पुढं केलं.

"हे घड्याळ कुणी निवडलं?"

"तू."

"पॉइंटनी. दोन हजार पॉइंटमध्ये तीनच घड्याळं बसत होती. ही पर्स? पॉइंटनी. मागच्या दिवाळीला मला एक साडी आवडली, जांभळी, बारीक काठांची. त्या जोडीच्या कार्डानं पैसे दिले, यांच्या मोबाइलवर मेसेज गेला. पिशवी हातात घेते ना घेते तोवर फोन. 'तिथं का घेतेस? पुढच्या दुकानात पाचपट पॉइंट आहेत. परत कर.' केली परत. पुढच्या दुकानात जांभळी नव्हती. अरे, मारत नाहीत, ओरडत नाहीत, पैशाला कधी नाही म्हणाले नाहीत. पण मी काय घेतलं, कुठं घेतलं, का घेतलं... पाणीपुरी खाल्ली तरी फोन येतो रे!"

दुकानात पंखा फिरत होता. मी हातातलं पातेलं उगाच पुसत राहिलो.

"खबाले मॅडमनी मला चार कार्डं दाखवली होती," अक्का म्हणाली. "एकावर सिनेमा फुकट, एकावर पेट्रोल. मी म्हटलं, सगळ्यात भिकार कुठलं? ज्याच्यावर काही म्हणता काही मिळत नाही? ते द्या. ती बघतच बसली."

"अगं पण का?"

"कारण त्यावर काही मिळत नसलं, तर तुझे दाजी त्याच्याकडं ढुंकून बघणार नाहीत! मेसेज माझ्या फोनवर येतो, फक्त माझ्या. महिनाभर कपाटात पडलं असतं तर ते विसरूनही गेले असते. बिनकामाची वस्तू त्यांच्या ध्यानात राहत नाही. आणि तू!" तिनं माझ्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. "तू त्याला वाट्या लावल्यास!"

आता तुम्ही म्हणाल, मग मी लाजलो असेन. छे! माझं डोकं पळायला लागलं. घातलेली टोपी काढूनही घेता येते. सोप्पं आहे, खरं सांगून टाकायचं.

संध्याकाळी मी नाव घालायचं मशीन पिशवीत घालून अक्काच्या घरी गेलो. दाजींना समोर बसवलं.

"दाजी, ती भांडी बँकेची नाहीत. मी पाठवलीत. गंमत केली."

दाजी हसले. "असं का?"

"देवाशपथ."

"मागं पाणीपट्टीच्या वेळीपण देवाशपथच होती."

"थांबा, दाखवतो." मशीनचा प्लग लावला, त्यांच्याच ताटावर कर्रर्र करत घातलं, 'मान्यवर कार्डधारक'. वाकड्या फुलासकट. वाटी शेजारी ठेवली. "बघा. अक्षर एकच आहे की नाही?"

दाजींनी ताट बघितलं. वाटी बघितली. पुन्हा ताट. मग त्यांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं झालं काम.

"लब्बाडा!" ते ओरडले. "म्हणजे बँकेचं कंत्राट तुझ्याकडं आहे! तरी म्हटलं याला एवढी माहिती कशी! पुढं काय आहे? घागर आहे ना? खरं सांग, समई आहे?"

"दाजी, अहो—"

"आता गप्प बस म्हणून सांगितलं असेल बँकेनं. मी नाही कुणाला बोलणार."

मी डोक्याला हात लावला. इतकी वर्षं थापा मारल्या, त्या सगळ्या पटल्या. एकदा खरं बोललो तर ती सगळ्यात मोठी थाप ठरली.

स्वयंपाकघराच्या दारात अक्का उभी होती. हात पदराला पुसत म्हणाली, "राहू दे दिग्या. वापरू दे त्यांना. मनसोक्त वापरा हो." आणि आत गेली. जाताना तिनं ओट्यावरचा मोबाइल उचलून आवाज मोठा केला. ते मी बघितलं, दाजींनी नाही. आणि माझ्या एकदम लक्षात आलं, की टोप्या उडवायचं आमच्या घरात मला एकट्यालाच येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी स्कूटर घेऊन दुकानासमोर. "चल, बस मागं. खरेदीला जायचंय. तू असलास की बरं, कशावर काय मिळतं ते तुला माहीत."

मी शटर अर्धं ओढलं आणि उडी मारून मागं बसलो. ही मजा सोडायची म्हणजे पाप!

पहिला थांबा पंप. पेट्रोल भरलं, अक्काचं कार्ड घासलं, पावती घेतली. स्कूटरला किक मारणार तेवढ्यात फोन.

"अहो, पंपावर आहात का?"

"हो. तुला कसं—"

"मेसेज आला ना मला. किती भरलं? आणि तिथलं का भरलं? कोल्हापूर नाक्यावरचा पंप काय वाईट होता?"

"अगं, इथं..."

"बरं बरं. चालू द्या तुमचं."

दाजींनी फोन खिशात टाकला. "काळजी करते," मला म्हणाले.

दुसरा थांबा बुटांचं दुकान. दाजींना फिरायला जायचे बूट हवे होते. चांगले निळे पट्ट्यांचे निवडले, घालून दुकानात दोन चकरा मारल्या. आरशात पाय बघितले. खूश! कार्ड दिलं, पिन दाबला. दुकानदार खोकं बांधतोय तोवर फोन.

"बूट घेतले?"

"हो गं."

"कसले? रंग कुठला?"

"निळे पट्टे."

"निळे? तुम्हाला? दुसरीकडं विचारलंत का? अहो, परत करा, शनिवारी मी येते बरोबर, आपण बघू."

"अगं, मला आवडलेत!"

"आवडले म्हणून लगेच घ्यायचे का?"

दुकानदार खोक्याची दोरी हातात धरून उभा. दाजींचा चेहरा तांबडा. मी बुटांच्या रांगेकडं तोंड केलं आणि माझी पाठ नुसती हलत होती. शेवटी त्यांनी बूट घेतले, पण पिशवी अशी उचलली, जसं काही चोरीचा माल आहे.

"दिगू," बाहेर आल्यावर ते म्हणाले, "डोकं उठलं रे. जरा काहीतरी गोड खाऊ."

दाजींना शुगर. घरात गोड बंद. पण चौकातल्या मिठाईवाल्याकडं त्यांची हळूच एक फेरी असायची. मला माहीत होतं, अक्काला नव्हतं. आत बसलो. त्यांनी दोन बशा गुलाबजाम सांगितले, आणि सवयीनं, अगदी सवयीनं, आधीच काउंटरवर कार्ड घासून आले. चार कार्डं खिशात होती, पण सगळ्यात वरचं तेच.

मी ते बघितलं. सांगावं का, असं मनात आलं. नाही सांगितलं!

दाजींनी पहिला गुलाबजाम चमच्यात घेतला, पाक गळू दिला, तोंडाजवळ नेला. फोन वाजला.

चमचा तिथंच थांबला.

"उचला की," मी म्हणालो.

"हॅलो."

आवाज मला समोर बसून ऐकू येत होता. "मिठाईच्या दुकानात काय करताय?"

"काही नाही. दिगूला... दिगूला भूक लागली होती."

"दिगूला द्या फोन."

दाजींनी माझ्याकडं अशा काकुळतीनं बघितलं, की दगडाला पाझर फुटला असता. मी फोन घेतला.

"अक्का, मी अजून काहीच खाल्लं नाही गं. माझी बशी तशीच आहे. दाजींचा मात्र चमचा भरलेला आहे."

पलीकडून फिस्सकन हसण्याचा आवाज. मग फोन कट.

दाजींनी चमचा बशीत ठेवला. दोन्ही बशा माझ्याकडं सरकवल्या. मी दोन्ही संपवल्या, फुकट कशाला घालवायच्या!

परतीच्या वाटेवर त्यांनी मधेच एका निंबाखाली स्कूटर लावली. उतरले नाहीत, हँडल धरून तसेच बसले. मी मागं. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता.

"दिगू."

"काय दाजी?"

"मीपण असाच फोन करतो का रे तिला?"

चेष्टेत उत्तर द्यायची माझी सवय. दिलं.

"नाही दाजी. तुमचा लवकर येतो."

त्यांनी किक मारली.

घरी गेल्यावर पायरीवर पिशवीतले नवे बूट चढवले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. पाकिटातून ते राखाडी कार्ड काढलं, ओट्यावर अक्कासमोर ठेवलं.

"घे तुझं. मला नको."

"का हो? घागर मिळायची होती ना?"

"नको म्हटलं ना. घागर आली तर तुझ्याच माहेरी पाठव." मग जरा वेळ घुटमळले. "निळे पट्टे खरंच वाईट दिसतात का?"

अक्कानं खाली वाकून बघितलं. "नाही हो. छान दिसतात."

दाजी बाहेर गेले. अक्कानं कार्ड पदराच्या टोकाला बांधलं आणि वर माझ्याकडं बघून एक डोळा मिचकावला. छप्पन्न वर्षांची माझी बहीण!

दोनतीन दिवसांनी दुपारी ती दुकानासमोर उभी. "चल रे जरा." मला वाटलं साडी घेणार. पण ती साडीची सगळी दुकानं ओलांडून पुढं गेली, मशिदीच्या बोळात वळली आणि मुजावरांच्या अत्तराच्या दुकानात चढली. लाकडी फळ्यांवर शेकडो कुप्या. मुजावरचाचा म्हातारे, डोळ्यांत सुरमा.

"या ताई. काय दाखवू?"

"सगळं," अक्का म्हणाली.

आणि सगळं बघितलं! मोगरा, केवडा, हिना, वाळा. चाचा काचेच्या काडीनं लावत गेले, तळहात संपले, मनगटं संपली, अक्कानं बाह्या वर सरकवल्या. मला शिंका सुरू झाल्या. ती डोळे मिटून एकेक वास घेत होती, घाई नाही, गडबड नाही. शेवटी तिनं एक निवडलं. इतकं उग्र, की मी दोन पावलं मागं सरलो.

"अक्का, हे काय गं? डोकं फिरेल माणसाचं."

"फिरू दे."

तिनं पदराची गाठ सोडली, कार्ड दिलं. चाचांच्या नातवानं त्यांना कार्डाचं मशीन नुकतंच बसवून दिलेलं, ते चष्मा लावून हळूहळू बटणं दाबत होते. पावती निघाली. अक्काच्या फोनवर मेसेज वाजला. तिनं तो अख्खा वाचला, रकमेपासून दुकानाच्या नावापर्यंत, आणि फोन पर्समध्ये ठेवला.

चाचा कार्ड परत देताना उलटसुलट करून बघत होते.

"सगळे कसले कसले पॉइंट सांगतात हल्ली," ते म्हणाले. "तुमच्या या कार्डावर काय मिळतं, ताई?"

अक्कानं मनगट नाकाजवळ नेलं.

"अत्तर," ती म्हणाली.